पांढरं दाखवतं, काळं झाकतं

शूटिंगवाला त्या दिवशी घराबाहेर पडला तो अगदी साध्या कामासाठी. खांद्याला पिशवी, पिशवीत बायकोच्या टेप्स, आणि जेवायच्या वेळेपर्यंत परत यायचा बेत. सकाळी हातात चहा देताना लेक म्हणाली होती, "बाबा, आईला जाऊन वर्ष होईल आता. चार माणसं घरी येतील. तिच्या टेप्सची एक डीव्हीडी करा ना. सगळ्यांना बघता येईल."

"करतो की," तो म्हणाला होता. "त्यात काय मोठंसं!"

आणि खरंच, त्याच्या दृष्टीने त्यात मोठंसं काही नव्हतं. लोकांची लग्नं, वाढदिवस, निरोपसमारंभ टेपवर उतरवायचे आणि डीव्हीडीवर चढवायचे, यातच त्याची उभी हयात गेली होती. त्याचं खरं नाव फारसं कुणाला आठवायचंही नाही. लहानथोरांचा तो शूटिंगवाला. बायको कधी कधी चिडवायची, "माझ्या फोटोखाली सुद्धा लोक हेच लिहितील. शूटिंगवाल्याची बायको." तो हसायचा आणि बॅटरी चार्जिंगला लावायचा.

त्याची कामाची खोली बाजारातल्या एका जुन्या इमारतीत होती, जिना चढून गेलं की अगदी टोकाला. खिडकीला जाड काळं कापड लावलेलं. बाहेरचा उजेड आत आला की स्क्रीनवरचे रंग खोटे दिसतात, म्हणून ते कापड भरदुपारीही ओढलेलंच असायचं. बाहेर रणरणतं ऊन आणि आत कायमची तिन्हीसांज. मशीनच्या पंख्याची घरघर, तापलेल्या धुळीचा वास, आणि भिंतीपलीकडच्या फ्रेमवाल्याच्या दुकानातून झिरपणारा सरसाचा वास. या वासांची त्याला इतकी सवय झाली होती, की ते आहेत हेही तो विसरला होता.

टेप्समध्ये तसं होतं काय? कुठल्याही कामाला जायच्या आधी तो घरीच कॅमेरा तपासून बघायचा, आणि तपासायला समोर बायको. "अगं, जरा तो कागद धर." ती हातातलं विणकाम मांडीवर टाकायची आणि कोरा पांढरा कागद तोंडासमोर धरायची. त्या कागदावरून कॅमेऱ्याला खरा पांढरा रंग कळायचा. मग ती कागद खाली घ्यायची, कॅमेऱ्याला वेडावून दाखवायची आणि परत सुया हातात घ्यायची. बस, इतकंच. तुकडे तुकडे. पण वर्षानुवर्षांचे.

त्या तुकड्यांचे त्याने भाग पाडले आणि मेन्यू करायला घेतला. डीव्हीडी लावली की सुरुवातीला जे पान येतं, ज्यावरून कुठला भाग बघायचा ते आपण निवडतो, ते पान. त्यावर प्रत्येक भागाचं एक बटण, आणि बटणात त्या भागातलं छोटंसं हलतं चित्र, पुन्हा पुन्हा तेच फिरत राहणारं. साधी चौकोनी बटणं त्याला आवडायची नाहीत. "डब्याच्या झाकणांसारखी दिसतात," म्हणायचा. म्हणून तो बटणांना मास्क लावायचा. मास्क म्हणजे काय, ते त्याने फ्रेमवाल्याला एकदा समजावून सांगितलं होतं.

"तू फोटोवर मधोमध कापलेला पुठ्ठा ठेवतोस ना, तेच हे. फक्त पुठ्ठ्याऐवजी एक काळंपांढरं चित्र. जिथे पांढरं, तिथलं दिसतं. जिथे काळं, तिथलं झाकलं जातं."

"आणि करडं असेल तर?"

"तर अर्धवट. दिसतंही आणि दिसतही नाही."

"म्हणजे आमच्या हिच्या उत्तरांसारखं," फ्रेमवाला म्हणाला होता, आणि दोघं पोट धरून हसले होते.

तर त्या दिवशी शूटिंगवाल्याने एक छानसा लंबगोल मास्क काढला. मधे पांढरा, भोवती काळा, कडा जराशा मऊ. पहिल्या बटणासाठी खिडकीपाशी विणत बसलेल्या बायकोचा तुकडा घेतला, लंबगोल नीट तिच्या चेहऱ्यावर बसवला आणि मशीनला काम देऊन खुर्चीत मागे टेकला.

बटण तयार झालं. लंबगोलात खुर्चीची पाठ दिसत होती आणि खिडकीचा एक गज. चेहरा नव्हता.

"डोळे गेले आपले," तो स्वतःशीच पुटपुटला. चेहरा बहुतेक डावीकडे राहिला असेल. त्याने लंबगोल डावीकडे सरकवला आणि पुन्हा काम दिलं.

पुन्हा खुर्चीची पाठ. या वेळी लंबगोलाच्या उजव्या कडेपाशी तिच्या खांद्याची किनार तेवढी दिसत होती, काळ्यात शिरता शिरता.

त्याने मूळ टेप लावून बघितली. टेपमध्ये ती जागची हलत नव्हती. खुर्चीच्या मधोमध बसून, मान खाली घालून विणत होती. त्याने दुसरं बटण घेतलं, वेगळ्या वर्षाचं, वेगळ्या खोलीतलं. मग तिसरं. टेपमध्ये ती जिथे असे तिथे तो लंबगोल बसवी, आणि बटण तयार होऊन आलं की ती तिथून उठलेली असे. कुठे एक कोपर, कुठे केसांची बट, काळ्याच्या हद्दीवर. एखाद्याने आपल्याला बघून दाराआड व्हावं, तसं.

खोलीत कसलासा वास येत होता. धुळीचा नाही, सरसाचाही नाही. ओल्या लोकरीचा.

त्याने हात थांबवला नाही. मास्क उलटा केला. आता मधे काळं आणि भोवती पांढरं. ती काळ्यात लपते ना, मग कडेचं सगळंच उघडं करू. बटण आलं. भोवतालची सगळी खोली स्वच्छ दिसत होती, खिडकी, भिंत, जमिनीवरचा लोकरीचा गुंडा. ती कुठेच नव्हती. म्हणजे ती आता मधल्या काळ्या लंबगोलात होती. तिथे नुसता अंधार होता, पण त्या अंधाराच्या खालच्या कडेशी विणायच्या सुईचं एक टोक मागेपुढे, मागेपुढे होत होतं.

तेवढ्यात दार वाजलं. तो असा दचकला की माउस खाली पडला. फ्रेमवाला होता, हातात चहाचे दोन कप घेऊन.

"काय रे, भूत बघितल्यासारखा बसलायस?"

"ये. इकडे ये. हे बघ आणि काय दिसतं ते मला सांग."

त्याने मास्कमधलं सगळं काळं पुसून टाकलं. पूर्ण पांढरा मास्क. म्हणजे लपायला जागाच नाही. जे टेपमध्ये आहे ते सगळंच्या सगळं दिसलं पाहिजे. बटण तयार होईपर्यंत दोघं स्क्रीनकडे बघत उभे होते.

खिडकी आली. खुर्ची आली. खुर्ची रिकामी होती.

"वहिनी कुठे गेल्या?" फ्रेमवाल्याने हळूच विचारलं. "मघाशी तू टेप लावली होतीस तेव्हा भिंतीपलीकडून आवाज येत होता मला. त्यांचं हसणं..."

शूटिंगवाल्याने स्क्रीनवर बोट टेकवलं. तो जमिनीवरच्या गुंड्याकडे बघत होता. गुंड्यातून निघालेला लोकरीचा धागा खुर्चीकडे जात नव्हता. तो ताणला जाऊन चित्राच्या बाहेर गेला होता आणि हळूहळू, एकेक टाक्याएवढा, ओढला जात होता.

चहा सांडला. फ्रेमवाल्याने कप टेबलावर ठेवले, हात सदऱ्याला पुसले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मी... मी जरा दुकान बघतो," तो म्हणाला, आणि मागे न बघता निघून गेला. इतक्या वर्षांचा दोस्त, संकटात हाक न मारता धावून येणारा. तो असा पळाला, याचं शूटिंगवाल्याला त्याही स्थितीत नवल वाटलं.

आता राहिलं होतं करडं.

त्याने हे का केलं, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. मशीन बंद करून घरी जाता आलं असतं. पण आपल्याच बायकोने आपल्यापासून लपावं, आणि तेही मेल्यावर, हे त्याला भीतीपेक्षाही जास्त लागलं होतं. त्याने सगळा मास्क एकसारखा करडा केला. ना पांढरा, ना काळा. आणि काम दिलं.

ती आली.

धुक्यात बसल्यासारखी, खुर्चीच्या मधोमध. तिच्या अंगातून मागचे गज दिसत होते. पण टेपमध्ये मान खाली घालून विणणारी ती इथे विणत नव्हती. हात मांडीवर, आणि नजर सरळ समोर. कॅमेऱ्याकडे नाही, कॅमेऱ्याच्या जरा वर. जिथे तेव्हा त्याचा चेहरा असायचा तिथे.

तिचे ओठ हलत होते.

मेन्यूच्या बटणांना आवाज नसतो. पण मुक्या चित्रांवर आवाज बसवण्यात त्याचा जन्म गेला होता. ओठ वाचणं त्याला नवीन नव्हतं. चित्र फिरून फिरून येत होतं आणि ती तेच तेच म्हणत होती. तो स्क्रीनच्या अगदी जवळ गेला. जीभ दातांना लागली... ओठ फाकले... मग खालचा ओठ वरच्या दातांखाली...

"ताईला... विचारा."

ओल्या लोकरीचा वास आता आणखी दाट झाला होता. त्याने काळं कापड एका हिसक्याने बाजूला केलं. ऊन भसकन आत आलं, आणि त्या उजेडात स्क्रीनवर काहीच दिसेना.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. दोन गल्ल्या टाकून तिचं घर. ताई शिवणकाम करायच्या. पुढच्याच खोलीत मशीन, मशीनच्या पायाशी चिंध्यांचा ढीग, गळ्यात मोजपट्टी, आणि तोंडात टाचण्या असल्या तरी बोलणं चालू. त्याला दारात बघून त्यांनी टाचण्या काढल्या.

"भाऊजी? या ना. जेवलात की नाही? चेहरा का असा?"

"ताई, तुम्हाला एक विचारायला सांगितलंय."

"कुणी?"

"छोटीने."

तिला छोटी म्हणणारी जगात एवढी एकच बहीण. मशीनचं चाक फिरत होतं, त्यावर ताईंनी हात ठेवला. ते थांबलं. त्या हसल्या नाहीत. घाबरल्याही नाहीत. भाऊजींचं डोकं फिरलंय, असं काही त्यांच्या तोंडावर उमटलं नाही. त्यांनी फक्त खिडकी लावून घेतली आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

"काय विचारायला सांगितलंय?"

"ते नाही सांगितलं."

ताईंनी टाचण्या एकेक करून उशीला टोचल्या.

"तिला माहीत होतं, भाऊजी," ताई शेवटी म्हणाल्या. "आधीच्या थंडीतच कळलं होतं तिला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं... उपाय नाही म्हणून."

त्याला आधी अर्थच लागला नाही. बायको अचानक गेली होती. सगळ्यांनी त्याला तेच सांगितलं होतं. तो बाहेरगावी एका लग्नाच्या कामावर होता. परतला तो कॅमेऱ्याची बॅग खांद्याला अडकवूनच दारात आला, आणि लेक त्याच्या गळ्यात पडून म्हणाली होती, "बाबा, अचानक झालं हो सगळं, अचानक..."

"बारीक झाली होती ती," तो म्हणाला. "मी म्हटलंही होतं तिला. तर म्हणाली, चालायला जाते ना रोज. मला तरी... कपडे वगैरे सैल कधी दिसले नाहीत."

ताईंनी मान खाली घातली. गळ्यातली मोजपट्टी त्यांनी काढली आणि बोटाभोवती गुंडाळायला लागल्या.

"सैल कसे दिसतील. मी आत घेत होते. दर थोड्या दिवसांनी ती पिशवी भरून कपडे आणायची, आणि मी रात्रीत शिलाई आत घेऊन द्यायचे. तुमच्या लक्षात येऊ नये म्हणून."

शूटिंगवाला मशीनच्या पायाशी पडलेल्या चिंध्यांकडे बघत राहिला.

"आणि त्या गोळ्या?" त्याने विचारलं. "ताकदीच्या गोळ्या म्हणून मी रोज सकाळी तिला हातावर द्यायचो..."

"दुखू नये म्हणून होत्या त्या. लेक आणायची तिच्या दुकानातून. बाटली तेवढी बदलायची."

लेक औषधाच्या दुकानात कामाला होती. बाटली बदलणं म्हणजे तिच्या हातचा मळ. रोज सकाळी तो पाण्याचा ग्लास घेऊन बायकोपुढे उभा राहायचा. "घे, ताकद येईल." आणि शेजारी चहा पीत बसलेली लेक आईकडे बघायचीसुद्धा नाही. कपात बघायची.

"आणखी कुणाला माहीत होतं?"

"जाऊ द्या ना भाऊजी."

"आणखी कुणाला, ताई?"

"तुमच्या त्या फ्रेमवाल्याला. तिने स्वतःचा फोटो निवडून त्यांच्याकडे दिला होता. म्हणाली, नंतर तुम्हाला त्यासाठी धावाधाव नको करायला. त्यांनी फ्रेम करून ठेवला होता... आधीच."

घरातल्या भिंतीवरचा तो फोटो. ती गेली त्याच संध्याकाळी तो भिंतीवर लागला होता. केवढा आधार वाटला होता त्याला तेव्हा! आपला दोस्त, हातातलं सगळं टाकून बसला असेल, त्याशिवाय का इतक्या लवकर झाला फोटो. त्याने फ्रेमवाल्याचे हात हातात घेतले होते. आणि फ्रेमवाला खाली बघत म्हणाला होता, "असू दे रे."

"म्हणजे माझ्याच घरात," शूटिंगवाला सावकाश म्हणाला, "मी एकटाच पाहुणा होतो."

"असं नका म्हणू. तिनेच आम्हाला शपथ घातली होती. म्हणाली, त्यांना कळलं तर ते कॅमेरा खाली ठेवतील आणि नुसते माझ्याकडे बघत बसतील. मला तसं बघून नाही घ्यायचं. जसे बघतात तसेच बघू दे."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"म्हणाले."

"शेवटच्या दिवशी मी जात नव्हतो, ताई. मला बरं वाटत नव्हतं तिला सोडून जायला. तिने बॅग भरून दिली माझी. जा, म्हणाली, मी बरी आहे." त्याने ताईंकडे बघितलं. "तुम्ही सगळ्या होतात ना तिच्यापाशी?"

ताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी होकाराची मान हलवली.

"आणि मी तिकडे कुणाच्या तरी नवरीच्या अंगठीवर फोकस लावत होतो."

तो उठला. ताई मागून हाका मारत होत्या, पण तो थांबला नाही. रस्त्यावर माणसं नेहमीसारखी जात येत होती. ओळखीचे नमस्कार करत होते, आणि प्रत्येकाकडे बघताना त्याच्या मनात एकच येत होतं. यालाही माहीत होतं का? हिलाही? भाजीवाली त्या दिवसांत बायकोच्या पिशवीत मूठभर जास्त टाकायची, ती उगीच की तिलाही कळलं होतं म्हणून? एकदा माणसाचा विश्वास उडाला की तो एका माणसापुरता उडत नाही. पायाखालची सगळी जमीनच पोकळ लागायला लागते.

लेक घरी वाट बघत होती. दारातच उभी. "मावशीचा फोन आला होता," ती म्हणाली. आणि त्याला वाट दिली.

तो ओरडेल, आदळआपट करेल, असं तिला वाटलं असावं. तो खुर्चीत बसला. खूप दमला होता.

"तू लहानपणी खोटं बोललीस की तुझे कान लाल व्हायचे," तो म्हणाला. "आख्ख्या थंडीत मला ते कधी दिसले नाहीत. एवढी तयार कधी झालीस?"

"बाबा... आईनेच..."

"आईचं राहू दे. ती गेली. तू आहेस. मला एकच सांग. आता आणखी काही राहिलंय? माझ्यापासून ठेवलेलं?"

"नाही बाबा." तिने डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं. "आता काही नाही."

त्याने विश्वास ठेवला. न ठेवून जाणार कुठे?

पुढचे काही दिवस घरात तिघं एकमेकांना सांभाळून वागत होते. ताई रोज यायला लागल्या, आणि जाताना त्याचे सदरे उसवलेत म्हणून शिवायला घेऊन जायच्या. लेक त्याच्या ताटात वाढताना हात आखडता घेत नव्हती. फ्रेमवाल्याच्या दुकानावरून जाताना शूटिंगवाला मान वर करत नव्हता. एकदा फ्रेमवालाच जिन्यात आडवा आला आणि म्हणाला, "वहिनींना शब्द दिला होता रे." शूटिंगवाल्याने बाजूने वाट काढली.

डीव्हीडी अर्धवटच होती. सोडून द्यावी असंही त्याच्या मनात आलं. पण माणसांना बोलावणं गेलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला एकदा तिच्यासमोर बसायचं होतं. त्याने ते करडं बटण उघडलं. ती तशीच होती, धूसर, समोर बघणारी. ओठ मात्र आता मिटलेले.

"विचारलं मी," तो त्या अंधाऱ्या खोलीत मोठ्याने म्हणाला. "कळलं सगळं. बरोबर नाही केलंस तू. तुझ्या बाजूने असेल बरोबर. माझ्या बाजूने नाही."

ती बघत राहिली. त्याने करडा मास्क काढून टाकला आणि पुन्हा पहिल्यासारखा साधा, पांढरा लंबगोल लावला.

या वेळी ती पळाली नाही. लंबगोलाच्या मधोमध बसून विणत होती. त्याने एकेक करून सगळी बटणं केली. कुठे ती कागद खाली घेऊन वेडावत होती, कुठे सुया सारख्या करत होती. सगळीकडे जिथल्या तिथे. खोलीतला तो लोकरीचा वासही नव्हता. सुटली बिचारी, त्याला वाटलं. पोटात ठेवलेलं बाहेर पडलं आणि सुटली. त्याने डिस्क काढली, रुमालाने पुसली आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

तिला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी घर माणसांनी भरलं. टीव्हीवर मेन्यू लागला तेव्हा सगळे पुढे सरकून बसले. मग तिने पहिल्यांदा तोंड वेडावलं आणि कुणीतरी हसलं, आणि मग हसता हसता रडणं आणि रडता रडता हसणं सुरू झालं. एक शेजारीण म्हणाली, "किती सुंदर केलंय हो. जणू आरशातून बघतेय ती आपल्याकडे." शूटिंगवाल्याला बरं वाटलं. राग होता, तो जाणार नव्हता, पण त्याला आता बसायला घरात एक कोपरा मिळाला होता.

संध्याकाळी एकेक जण निरोप घेऊन गेला. ताई आणि लेक स्वयंपाकघरात भांडी आवरत होत्या. नळाचा आवाज येत होता, आणि मधूनमधून दोघींचं हलक्या आवाजातलं बोलणं. तो एकटाच टीव्हीसमोर बसून राहिला. बाहेर अंधारून आलं होतं पण दिवा लावायला त्याला उठवेना. मेन्यू तसाच लागलेला होता. मेन्यू थांबत नाही, बंद करेपर्यंत फिरत राहतो. प्रत्येक लंबगोलात ती. लग्नानंतरच्या वर्षातली गोबऱ्या गालांची, लेकीच्या जन्मानंतरची पोक्त, आणि अगदी शेवटची, गळ्याची हाडं दिसणारी. आता ती हाडं त्याला दिसत होती.

बघता बघता त्याच्या लक्षात आलं की तिने विणायचं थांबवलंय.

एका बटणात नाही. सगळ्या बटणांत. सगळ्या वयांच्या तिने एकदमच हात मांडीवर ठेवले आणि मान वर केली. सगळ्या डोळ्यांनी ती त्याच्याकडे बघत होती. आणि सगळे ओठ एकाच वेळी हलले.

तो खुर्चीतून पुढे झुकला. त्याला भीती वाटली नाही. हेच नवल. डोळ्यांत पाणी आलं.

"सांगितलं का... तुम्हाला?" ती विचारत होती.

"हो गं," तो हळूच म्हणाला. "सांगितलं. ताईंनी सगळं सांगितलं."

सगळ्या लंबगोलांतल्या तिने मान हलवली. नाही.

तो उठला, टीव्हीपाशी गेला आणि गुडघ्यांवर बसला. इतका जवळ की काचेची ऊब त्याच्या तोंडाला लागत होती.

"माझं नव्हे..." ती म्हणाली.

मग ओठ पुन्हा एकदा हलले. सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसे. आधी जीभ दातांना टेकली, मग ओठ मिटले आणि उघडले.

"तुमचं."

स्वयंपाकघरातला नळ कधीच बंद झाला होता. आत कुजबुज मात्र चालूच होती, दोघींची, दाराच्या अगदी जवळून. आणि आता तीही थांबली.